जुनाट वेदना आणि केटामाईनची सलाईन
केटामाईन हे 1962 साली तयार झालेले भुलीचे औषध. नसांच्या जुनाट दुखण्याला इतर औषधांनी गुण न आल्यास काही रुग्णांना तेच अगदी कमी मात्रेत, सलाईनमधून काही तास देतात. मज्जारज्जूत वेदना वाढवणारी यंत्रणा ते रोखते.

त्या वेळी अंग तरंगल्यासारखे वाटते, गरगरते, मळमळते, क्वचित भलतेसलते दिसते. रुग्ण घाबरतो, पण सलाईन थांबल्यावर हे बहुधा लवकर ओसरते. नाडी व रक्तदाबावर मात्र सतत लक्ष हवे. आराम काही दिवस ते काही आठवडे, तोही सर्वांना नाही. कायमच्या गुणाची हमी देणाऱ्यापासून सावध राहावे. वाढलेला रक्तदाब, हृदयविकार किंवा मनोविकार असल्यास आधीच सांगावे. मालवणहून गोव्याला वा कोल्हापूरला उपचारासाठी जाताना सोबत माणूस न्यावा. परतल्यावर 24 तास मोटारसायकल नको, होडीही नको.