वनकुटीतील ग्राम्य शयन-फर्निचर

ओंडक्यांच्या वनकुटीतील शयनगृहासाठी, लाकडाचा नैसर्गिक आकार, गाठी व पुष्कळदा सालही कायम ठेवून बनविलेले फर्निचर. पलंग, कपड्यांची पेटी वा कपाट, उशाजवळचे लहान मेज, भिंतीवरील खुंट्या व एखादी खुर्ची असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, विशेषतः न्यूयॉर्क राज्यातील ॲडिरॉन्डॅक पर्वतप्रदेशात व रॉकी पर्वताच्या परिसरात, या प्रकाराचा विकास झाला. ‘ग्राम्य’ या विशेषणाने येथे ओबडधोबड घडण अभिप्रेत नाही. वनकुटी बहुधा वर्षातील काही महिने बंद असते. त्या काळात ती थंड व दमट राहते आणि मालक आल्यावर शेगडीने एकाएकी तापविली जाते. हा फेरबदल सोसणारे लाकूड व सांधे निवडणे, हाच अशा फर्निचरच्या निवडीतील मुख्य प्रश्न होय. बाह्य रूपाचा विचार त्यानंतरचा.

आरंभीच्या वसाहतकारांच्या कुटीत स्वतंत्र शयनगृह क्वचितच असे. खोलीच्या एका कोपऱ्यातच पलंग बांधून काढीत. कुटीच्या दोन भिंती या त्याच्या दोन बाजू होत; उरलेल्या कोपऱ्यात एकच खुंट उभा करून त्यापासून निघालेल्या दोन आडव्या दांड्या भिंतीच्या ओंडक्यांत खोचीत. त्यांवर दोर विणून किंवा फळ्या टाकून गवताची अथवा मक्याच्या कणसांच्या सोलपटांची गादी घालीत. स्वतंत्र पलंगही दोराने विणलेले असत. महाराष्ट्रातील बाजेप्रमाणेच हे दोर सैल पडत. मात्र बाजेत पायथ्याकडचा दोर हाताने ओढून ताण देतात, तर या पलंगांचे दोर ताणण्यासाठी लाकडी किल्ली वापरीत. मोठ्या पलंगाखाली चाकांचा बुटका पलंग सरकवून ठेवीत आणि रात्री तो ओढून काढून त्यावर मुलांना निजवीत. लहान कुटीत आजही ही युक्ती तितकीच उपयुक्त ठरते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ॲडिरॉन्डॅकमध्ये शहरी धनिकांची उन्हाळी निवासस्थाने उभी राहू लागली. विल्यम वेस्ट ड्युरंट याने रॅकेट सरोवराकाठी १८७० नंतरच्या दशकात बांधावयास घेतलेले ‘पाइन नॉट’ हे त्यांपैकी आरंभीचे होय. त्यानेच १८९७ मध्ये बांधलेले ‘सॅगमोर’ हे निवासस्थान १९०१ मध्ये ॲल्फ्रेड व्हँडरबिल्ट याने विकत घेतले. इतक्या आडबाजूला जड सामान आणणे कष्टाचे होते. उलट झाडे दाराशी होती आणि हिवाळ्यात राखणदार व वाटाडे यांना सवड असे. या कारागिरांनी बर्चच्या सालीने मढविलेली कपाटे, फांद्यांच्या नक्षीचे पलंग व आरशांच्या चौकटी घडविल्या. साधेपणाचा हा शौक अर्थातच महागडा होता. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अर्नेस्ट स्टो या सुताराने पांढऱ्या बर्चची साल व पिवळ्या बर्चच्या दांड्या यांच्या मेळातून बनविलेल्या वस्तू या शैलीतील उत्कृष्ट नमुने मानल्या जातात. ब्लू मौंटन लेक येथील संग्रहालयात (स्थापना १९५७) या प्रदेशातील ग्राम्य फर्निचरचा मोठा संग्रह आहे. पश्चिमेकडे टॉमस मोल्सवर्थ याने १९३१ मध्ये वायोमिंग राज्यातील कोडी येथे कारखाना काढला. गाठाळ लाकूड, चामडे व विणलेली लोकर यांचा मेळ हे त्याच्या शैलीचे वैशिष्ट्य होते.

लाकडाची निवड करताना त्याच्या आकुंचनाकडे पाहावे लागते. ताजे तोडलेले लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आकसत नाही. परंतु त्रिज्येच्या दिशेने कमी व वार्षिक वलयांच्या दिशेने अधिक आकसते. या असमानतेमुळेच गोल ओंडक्याला उभी भेग पडते. उत्तरेकडील श्वेत सीडर (थुजा ऑक्सिडेंटॅलिस) हिरव्या अवस्थेपासून पूर्ण वाळेपर्यंत या दोन दिशांनी अनुक्रमे सु. २ व ५ टक्के आकसतो, तर पिवळ्या बर्चमध्ये हेच प्रमाण सु. ७ व ९.५ टक्के असते. सीडर हलका व कुजण्यास प्रतिकार करणारा असल्याने दमट कुटीतील पलंगाला चांगला. मात्र तो मऊ असून त्यावर लवकर खळगे पडतात. बर्च कठीण व देखणा आहे. भूर्जपत्रे देणारा हिमालयी वृक्ष याच बेटुला प्रजातीतील होय. बर्चची साल जवळजवळ जलाभेद्य असल्यामुळे सालीसकट पडून राहिलेला ओंडका आतून लवकर कुजतो. म्हणून साल ठेवावयाची असेल, तर झाड हिवाळ्यात तोडून लाकूड कोरड्या जागी वाळवतात. वसंत ऋतूत रस चढू लागल्यावर साल सुटी होते. त्या वेळी तोडलेल्या दांड्यांची साल पुढे गळून पडते. मढविण्यासाठी सालीचे पत्रे काढावयाचे असतील, तर मात्र हाच काळ सोयीचा. हिकरीचे लाकूड चिवट असते. इंडियाना राज्यातील मार्टिन्सव्हिल येथे हिकरीच्या कोवळ्या खोडांपासून खुर्च्या बनविण्याचा उद्योग वाढला. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातील ‘ओल्ड फेथफुल इन’ (१९०४) या ओंडक्यांच्या विश्रांतिगृहात अशा खुर्च्या आहेत.

रॉकी पर्वतात पलंगांसाठी लॉजपोल पाइनची सरळ, सडपातळ खोडे वापरतात. तेथे भुंगेऱ्यांच्या उपद्रवाने उभी वाळलेली झाडे पुष्कळ सापडतात. त्यांचे लाकूड बरेचसे आधीच वाळलेले असते. कवकामुळे त्यावर निळसर झाक येते, परंतु तिच्यामुळे ताकदीत विशेष फरक पडत नाही. ही झाक दोष समजून असे लाकूड टाळणे व्यर्थ होय.

पलंगावर सर्वाधिक ताण सांध्यांवर येतो. दांडीचे टोक गोल तासून (कुसू) खांबातील भोकात बसविणे ही रूढ रीत. कुसू पूर्ण वाळविलेले व खांब किंचित ओलसर असल्यास, खांब वाळताना भोक आवळले जाते आणि सांधा पक्का होतो. क्रम उलट झाल्यास कुसू आकसून सैल होते व एकदोन हिवाळ्यांतच पलंग करकरू लागतो. केवळ खिळ्यांनी ठोकलेला पलंग म्हणूनच घेऊ नये. उशाकडील व पायथ्याकडील चौकटी कायमच्या सांधाव्यात. लांब बाजूच्या दांड्या मात्र बोल्टने जोडलेल्या असाव्यात, अन्यथा कुटीच्या अरुंद दारातून वा माळ्याच्या जिन्यावरून पलंग नेता येत नाही. खांबावरील उभी भेग स्वाभाविक आहे; ती सांध्याच्या भोकापर्यंत पोहोचली असेल, तरच दोष मानावा. भुश्याचे लाकूड दाबून केलेल्या तक्त्यांवर ग्राम्य रूपाचा पातळ थर चिकटवलेले सामान दमट कुटीत फुगते व सुटते. ते स्वस्त असले, तरी येथे निरुपयोगी होय.

सालीखाली व रसकाष्ठात भुंगेऱ्यांच्या अळ्या राहण्याचा धोका असतो. हिकरी, ॲश, ओक यांसारख्या मोठ्या छिद्रांच्या लाकडाला त्यांचा उपद्रव विशेष होतो. पिठासारखी बारीक भुकटी व १-२ मिमी. व्यासाची गोल भोके ही त्याची लक्षणे. लाकडाचा गाभा सु. ५५° ते ६०° से. पर्यंत तापवून ते तापमान काही काळ टिकविल्यास अळ्या मरतात. म्हणून सालीचे फर्निचर भट्टीत वाळविलेले आहे किंवा नाही, हे विकत घेण्यापूर्वी विचारावे. एकदा कीड कुटीत शिरली, की भिंतींचे ओंडकेही तिच्या तडाख्यात सापडू शकतात.

आकाराच्या बाबतीत नेहमी एक चूक होते. अमेरिकेत दोघांसाठीच्या गादीची रुंदी सामान्यतः १३७ किंवा १५२ सेंमी. असते. १२ सेंमी. व्यासाचे खांब गादीच्या दोन्ही बाहेरील अंगांस आल्यास पलंग आणखी सु. २५ सेंमी. रुंद होतो. बाजूने वावरण्यास निदान ६० सेंमी. जागा हवी. त्यामुळे लहान खोलीत जाड ओंडक्यांचा भव्य पलंग घेण्यापेक्षा ७-८ सेंमी. व्यासाच्या दांड्यांचा पलंग बरा. माळ्यावर उतरत्या छपराखाली उशाकडील बाजू बुटकी असावी. कपाटापेक्षा झाकणाची पेटी सोयीची असते. ती उंदरांपासून कपड्यांचे रक्षण करते आणि बसण्यासही उपयोगी पडते. तांबड्या सीडरच्या (जूनिपेरस व्हर्जिनियाना) पेटीत कसर लागत नाही, असा समज आहे. परंतु त्याच्या वासाचा परिणाम मुख्यतः लहान अळ्यांवरच होतो, म्हणून लोकरीचे कपडे स्वच्छ करूनच आत ठेवावेत.