खारं पाणी, ऊन आणि हायड्रोजन

मे महिन्यात गच्चीवरची टाकी इतकी तापते की आंघोळीचं पाणी आधी गार करून घ्यावं लागतं. एवढं ऊन फुकट जातं बाप्पा! त्यानेच पाणी फोडून हायड्रोजन काढला तर?

कल्पना जुनी आहे. १९७२ साली जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी पाण्यातल्या टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन दाखवलं. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतो तोच हा पदार्थ. प्रकाश पडला की त्यातला इलेक्ट्रॉन उडी मारतो, मागे 'होल' उरतं. इलेक्ट्रॉनमुळे हायड्रोजन सुटतो, होलमुळे ऑक्सिजन. पण या उडीला सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, म्हणजे अतिनील किरण. आणि उन्हात ते जेमतेम ४-५ टक्के. आपल्या नागपूरच्या 'नीरी'तल्या डॉ. साधना रायलू व सहकाऱ्यांनी टायटॅनियावर सोन्याचे नॅनोकण बसवून केलेले प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाले. असे कण दृश्य प्रकाशही शोषतात.

आता समुद्राचं पाणी घ्या. लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार. ऑक्सिजनचा एक रेणू तयार व्हायला चार इलेक्ट्रॉन काढावे लागतात, क्लोरीनला दोनच. त्यामुळे ऑक्सिजनऐवजी क्लोरीन निघू लागतो, आणि तो भल्याभल्या उत्प्रेरकांना खातो. दुसरीकडे, हायड्रोजन निघतो तिथे मॅग्नेशियमचा पांढरा थर चढतो, गीझरच्या कॉइलवर चढतो तसाच.

मग पाणी आधीच गोडं का करू नये? हिशोब करून बघा. एक किलो हायड्रोजनला किमान ९ लिटर पाणी लागतं. ते आरओने गोडं करायला ०.०३ युनिटच्या आसपास वीज. उलट त्या किलोभर हायड्रोजनमध्ये ३३ युनिट ऊर्जा असते. त्यामुळे 'थेट समुद्रातून' या बातम्यांनी मी फारसा हुरळत नाही. खरी अडचण उत्प्रेरकाची आहे. २०२१ मध्ये जपानमध्ये १०० चौरस मीटरच्या पॅनेलवर मिळालेली कार्यक्षमता होती ०.७६ टक्के! सोलर पॅनेल आणि इलेक्ट्रोलायझरची जोडी सहज १० टक्क्यांच्या वर जाते.

नागपूरला समुद्र नाही, फुटाळा आहे. पण अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणीही खारट. त्या भागातल्या मुलांनी सुट्टीवरून येताना एक कॅन भरून आणावा. कॅथोडवर थर किती दिवसांत चढतो, एवढा प्रोजेक्ट आपल्या लॅबमध्ये नक्की जमेल. रूमवर मात्र नको, क्लोरीनचा वास रेक्टरपर्यंत जातो.