बहिरी ससाण्याच्या घरट्यावर नजर

'बहिरी ससाणा' या नावावरून हा पक्षी कानाने बहिरा असावा, असा अनेकांचा समज होतो. तसे काही नाही. अरबीत 'बह्र' म्हणजे समुद्र आणि 'बहरी' म्हणजे समुद्राकडचा. स्थलांतराच्या दिवसांत किनाऱ्याने येणाऱ्या ससाण्याला आखातातले बाजदार आजही 'शाहीन बहरी' म्हणतात आणि डोंगरात राहणाऱ्या त्याच्या भाऊबंदाला 'शाहीन जबली'. आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवर घरटी करणारा शाहीनही याच कुळातला.

सौदी अरेबियात बहरी हा हिवाळी पाहुणा. जबली मात्र पश्चिमेकडच्या हिजाझ आणि असीरच्या डोंगरांत पिल्ले वाढवतो. त्याची खरी अवस्था कळायची असेल तर आकाशात उडणारे ससाणे मोजून भागत नाही. घरट्यातून उडून गेलेली पिल्ले मोजावी लागतात.

हा धडा जगाला ब्रिटनमध्ये मिळाला. तिथे ससाण्यांच्या जोड्या कड्यांवर बसलेल्या दिसत, पण अंडी आईच्या वजनानेच फुटत. डेरेक रॅटक्लिफ यांनी संग्रहातली जुनी कवचे तपासली आणि दुसऱ्या महायुद्धानंतरची कवचे पातळ झाल्याचे १९६७ साली दाखवून दिले. कारण होते डीडीटी. अमेरिकेने १९७२ मध्ये शेतीतला तिचा वापर थांबवला. १९९९ मध्ये तिथल्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीतून हा ससाणा बाहेर आला.

अरबस्तानात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला एक वेगळा धोका आहे, तो म्हणजे माणसाच्या आवडीचा. बाजदारी हा इथला मानाचा छंद. २०१० साली युनेस्कोने तिला सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. पण चांगल्या पक्ष्याला मोठी किंमत येते, म्हणून घरट्यातली पिल्लेही पळवली जातात. २०१७ मध्ये स्थापन झालेल्या सौदी फाल्कन्स क्लबने २०२० पासून 'हदद' हा कार्यक्रम हाती घेतला आहे. पाळलेले ससाणे पुन्हा निसर्गात सोडायचे, हा त्याचा हेतू. सोडलेल्या पक्ष्याची जोडी जमली का, पिल्ले झाली का, हे पाहिल्याशिवाय असे काम यशस्वी झाले म्हणता येत नाही.

हे पाहायचे कसे? ससाणा काड्या रचत नाही. कड्याच्या कपारीत माती उकरून उथळ खळगा करतो. खडकावरचे विष्ठेचे पांढरे ओघळ ही पहिली खूण. मग दूरवर बसून दुर्बिणीतून पाहणी करायची. अंडी साधारण तीन-चार, उबवण महिनाभराहून थोडी अधिक, आणि पिल्लू सुमारे सहा आठवड्यांत उडते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जाणकार माणसे दोर लावून कपारीत उतरतात आणि पिल्लांच्या पायांत क्रमांकाची कडी घालतात. तेव्हा पाय पुरेसे वाढलेले असतात आणि पिल्लू पळूनही जात नाही. मादी नरापेक्षा मोठी असल्याने पायाच्या जाडीवरून लिंगाचाही अंदाज येतो.

मात्र पाहणीच पक्ष्याच्या जिवावर उठू शकते. आई भर उन्हात उडाली, तर सावलीविना अंडी व लहान पिल्ले तापून मरतात. पाच आठवड्यांची पिल्ले घाबरली, तर उडता येत नसतानाही कड्यावरून झेप घेतात. म्हणून जाणकार थोड्या वेळा आणि सकाळी लवकर जातात, आणि घरट्याची जागा सहसा जाहीर करीत नाहीत.

आपल्यापैकी अनेक कुटुंबे सुट्टीत ताइफ-अबहाकडे जातात. कड्याभोवती ससाणा कर्कश ओरडत घिरट्या घालताना दिसला, तर आपण घरट्याच्या फार जवळ आलो आहोत असे समजावे आणि मुलांना घेऊन मागे फिरावे. फोटो काढलाच, तर ठिकाणाचा पत्ता त्यासोबत कुणाला धाडू नये. मायदेशी किल्ल्यावर गेल्यावरही हेच पथ्य पाळावे.