बोरन्हाण : कौतुकाला काळजीची जोड

आयटी पार्कभोवती वाढलेल्या खराडीत अनेक तरुण दांपत्यांचे आई-वडील गावी असतात. साहजिकच, बाळाच्या पहिल्या संक्रांतीला बोरन्हाण कसे घालावे, हा प्रश्न पडतो.

मकरसंक्रांत ते रथसप्तमी या काळात सोयीच्या दिवशी हा सोहळा होतो. बाळाला काळे झबले व हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवतात, औक्षण करतात आणि डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, हरभरे, चुरमुरे, रेवड्या ओततात. जमलेली मुले हा खाऊ लुटतात. काळा रंग थंडीत ऊब देतो आणि बाळाला हंगामी फळांची ओळख होते, असा यामागचा विचार सांगितला जातो.

मात्र, हाती येईल ते तोंडात घालण्याचे हे वय. बोराची बी, हरभरा किंवा हलव्याचा दाणा श्वासनलिकेत अडकल्यास जिवावर बेतू शकते. त्यामुळे खाऊ मोजकाच व हळुवार ओतावा, छायाचित्रे होताच दागिने उतरवावेत आणि बाळाभोवती सांडलेला दाणा न् दाणा उचलावा. सहा महिने पूर्ण होईपर्यंत केवळ आईचे दूध द्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. त्यानंतर चव द्यायचीच, तर बी काढून कुस्करलेला बोराचा गर पुरेसा. तिळगूळ मोठ्यांसाठी ठेवावा.