आर्दीला न आवडलेली तबकडी

२८ ऑक्टोबर १९६२, रविवारची रात्र. राष्ट्राध्यक्ष थेट जनतेने निवडावा की नाही, यावर अध्यक्ष द गॉल यांनी सार्वमत घेतलं होतं आणि फ्रान्स निकालासाठी टीव्हीसमोर बसला होता. वाहिनी एकच, त्यामुळे दुसरं काही लावायची सोय नाही. निकालांच्या मधल्या रिकाम्या वेळात एक उंच, सडपातळ, काहीशी बुजलेली अठरा वर्षांची मुलगी पडद्यावर आली आणि एक गाणं म्हणून गेली. द गॉल सार्वमत जिंकले. पण त्या रात्रीने फ्रान्स्वाज आर्दी हे नावही घराघरांत पोचवलं. गाणं होतं ‘तू ले गार्सों ए ले फीय’. आपल्या वयाची मुलंमुली हातात हात घालून फिरतात, आपण मात्र एकट्याच, एवढाच त्याचा विषय.

पुढच्याच महिन्यात व्होग कंपनीने तिची लाँग प्ले तबकडी बाजारात आणली. तबकडीला वेगळं शीर्षकही नव्हतं. लोक तिला त्या गाण्याच्याच नावाने ओळखू लागले. तरुण पोरं तेव्हा चार-चार गाण्यांच्या छोट्या तबकड्या घेत. अशा तीन तबकड्यांमधली बारा गाणी एकत्र करून हा अल्बम झाला. म्हणजे अल्बम म्हणून त्याची काही योजना नव्हतीच.

आर्दीचा जन्म १७ जानेवारी १९४४चा, पॅरिसचा. आईने एकटीने दोन मुलींना वाढवलं. वडील क्वचितच दिसायचे. शालान्त परीक्षा पास झाल्याबद्दल त्यांच्याकडून बक्षीस मिळणार होतं, तेव्हा ट्रान्झिस्टर घ्यावा की गिटार, यावर तिचं बराच वेळ ठरेना. शेवटी गिटार आली. रेडिओ लक्झेंबर्गवरची इंग्रजी गाणी ऐकत, दोन-तीन कॉर्डच्या जोरावर तिने स्वतःची गाणी रचायला सुरुवात केली. आपल्याकडे रेडिओ सिलोनवर कान लावून बसलेल्या पिढीला ही ओढ वेगळी समजावून सांगायला नको.

रॉक गायक जॉनी हॅलिडे व्होग सोडून गेल्यावर कंपनीला त्याच्या तोडीचा तरुण चेहरा हवा होता. नोव्हेंबर १९६१मध्ये आर्दीशी करार झाला आणि २५ एप्रिल १९६२ला पहिली चार गाणी ध्वनिमुद्रित झाली. चार वादक, तीन तास, काम संपलं. पॅरिसमधले सगळ्यात वाईट चार वादक आपल्या वाट्याला आले, असं ती पुढे आयुष्यभर म्हणत राहिली. कंपनीची सगळी भिस्त होती ‘ओ ओ शेरी’ या उसन्या अमेरिकी चालीच्या गाण्यावर. चाललं ते मात्र तिचं स्वतःचं ‘तू ले गार्सों’. विक्रीचा आकडा पुढे वीस लाखांच्या घरात गेला असं सांगतात.

तबकडी आज ऐकली तर आर्दीची तक्रार रास्त वाटते. गिटार टिकटिक करत राहते, ड्रम कुठेतरी मागे, साथसंगत पातळ. पण याच उघड्याबोडक्या साथीमुळे आवाज पुढे येतो: जड नाही, चढा नाही, कुठेही जोर लावत नाही. तो काळ ‘ये-ये’ या फ्रेंच तरुणांच्या पॉप संगीताचा. ‘सॅल्यू ले कोपँ’ हा रेडिओ कार्यक्रम १९५९पासून पोरांना वेड लावत होता आणि २२ जून १९६३ला त्याच नावाच्या मासिकाच्या वाढदिवसानिमित्त पॅरिसच्या प्लास द ला नासियों चौकात दीड लाखांच्या आसपास तरुण जमले. त्या सगळ्या उड्या मारणाऱ्या गाण्यांत आर्दी दुःखी राहण्याचं धाडस करत होती. शिवाय बारापैकी दहा गाणी तिची स्वतःची होती. वाद्यरचनाकार रोझे सामँ यांचं नाव सोबत आहे. अठरा वर्षांच्या पॉप गायिकेने स्वतः लिहून गाणं तेव्हा विरळाच होतं. सगळीच काही थोर नाहीत. तीन-चार तर एकमेकांच्या जागी ठेवली तरी कळणार नाहीत.

उरलेल्या दोन गाण्यांतलं एक उसनं ‘ओ ओ शेरी’, दुसरं ‘ल ताँ द लामूर’. त्याची चाल झाक द्युत्रों या तरुण गिटारवादकाची. आधी ती नुसती वाद्यांची धून होती, शब्द नंतर बसवले. अल्बमभर जिथे साथ केविलवाणी वाटते, तिथे हे गाणं ताठ उभं राहतं: खर्जातल्या तारांचा तोच तोच ठेका, आणि वर आर्दीचा निवांत आवाज. याच द्युत्रोंशी पुढे तिचं जमलं. १९७३मध्ये मुलगा झाला, लग्न १९८१मध्ये.

१९६३मध्ये अकादेमी शार्ल क्रो या मानाच्या संस्थेचा पुरस्कार मिळाला, पण तिचं समाधान झालं नाही. १९६४पासून ती लंडनमध्ये ध्वनिमुद्रण करू लागली, कारण तिथले वादक आणि स्टुडिओ तिच्या कानाला पटत. त्याच वर्षी बॉब डिलनने आपल्या तबकडीच्या वेष्टनावर छापलेल्या कवितेत तिचं नाव घेतलं. तेव्हा दोघं एकमेकांना भेटलेही नव्हते. १९७१मध्ये ब्राझीलची गायिका टूका हिच्याबरोबर केलेला ‘ला केस्तियों’ हा अल्बम जाणकार तिचं उत्तम काम मानतात, आणि ते बरोबरच आहे.

चित्रपटवाल्यांचा कल मात्र वेगळा. बेर्तोलुची यांनी २००३च्या ‘द ड्रीमर्स’मध्ये ‘तू ले गार्सों’ घेतलं, तर वेस अँडरसन यांनी २०१२च्या ‘मूनराइज किंगडम’मध्ये ‘ल ताँ द लामूर’. ११ जून २०२४ला, वयाच्या ऐंशीव्या वर्षी आर्दी गेली, तेव्हाही श्रद्धांजलीच्या बातम्यांमागे जगभर वाजत होतं ते घाईघाईत उरकलेलं १९६२चंच गाणं.