मंडळाचा पासवर्ड कोणाकडे?

डिसेंबर संपत आला की इथल्या ऑफिसात एक फॉर्म येतो. पुढच्या वर्षाची उद्दिष्टं लिहा. टीम लीड झाल्यापासून माझ्या फॉर्मवर एक रकाना वाढलाय, नेतृत्वाच्या उद्दिष्टांचा. कोडचं उद्दिष्ट लिहिणं सोपं असतं. अमुक पान दोन सेकंदांत उघडलं पाहिजे. उघडलं की झालं. पण या नव्या रकान्यात भलेभले ‘सहकाऱ्यांना मार्गदर्शन करीन’ एवढं लिहून मोकळे होतात. आता ते केलं की नाही, हे कोणत्या तारखेला आणि कशावरून कळणार?

मोजता येतील अशी उद्दिष्टं लिहायची ही पद्धत १९७०च्या दशकात इंटेलमध्ये अँडी ग्रोव्ह यांनी रुजवली, आणि १९९९ साली जॉन डोअर यांनी ती गूगलमध्ये नेली. ग्रोव्ह यांच्या १९८३च्या पुस्तकातला एक मुद्दा मला पटतो. मॅनेजरचं काम किती झालं, ते त्याच्या बैठकांवरून मोजायचं नाही. त्याच्या टीमकडून आणि तो ज्यांच्यावर प्रभाव टाकतो त्यांच्याकडून काय तयार झालं, त्यावरून मोजायचं.

मला हे खरं कळलं ते महाराष्ट्र मंडळात. बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली स्थापन झालं, त्याचं दर दोन वर्षांनी अधिवेशन होतं. २०२४ला सॅन होजेचा थाट तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. पण गावोगावची छोटी मंडळं चार-पाच माणसांवर चालतात. तिथे ना पगार, ना बढती. शनिवारी सकाळी खुर्च्या लावायला आलेला माणूस मुलाची सॉकरची मॅच सोडून आलेला असतो, त्याला हुकूम कसा सोडणार?

आमची नवी कार्यकारिणी जानेवारीत सूत्रं घेते. यंदा मी सचिव आहे. मागच्या वर्षी आमच्या खजिनदाराची नोकरी गेली. एच-वन-बी व्हिसावर असलेल्या माणसाला अशा वेळी नवी नोकरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. बिचारा दोन महिन्यांच्या आत घर आवरून दुसऱ्या राज्यात गेला. त्या धावपळीत मंडळाच्या बँकेचा ओटीपी त्याच्याच फोनवर येतोय, हे कोणाच्या लक्षात राहणार? आमच्यासारख्या, वर्षाला ५० हजार डॉलरपर्यंत जमा असलेल्या करमुक्त संस्थेला आयआरएसकडे दरवर्षी एक छोटा ई-फॉर्म भरावा लागतो. भरायला दहा मिनिटं लागतात, पण सलग तीन वर्षं राहिला तर करमुक्त दर्जा आपोआप रद्द होतो. तो फॉर्म भरायचा असतो हे तेव्हा मंडळात एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो त्या वेळी सामान बांधत होता.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांत याला ‘बस फॅक्टर’ म्हणतात. किती माणसं बसखाली आली तर प्रोजेक्ट बंद पडेल, तो आकडा. शब्द अभद्र आहे खरा. आई सांगलीहून फोनवर म्हणाली, “सणासुदीचं असलं काही बोलू नये रे.” पण आमच्या मंडळाचा तो आकडा एक आहे.

म्हणून यंदा मी मंडळासाठी जी उद्दिष्टं लिहिली, त्यांत ‘मी अमुक करीन’ असं एकही वाक्य नाही. सभासद किती वाढवायचे तेही नाही. गावात एखादी कंपनी आली की सभासद वाढतात, गेली की कमी होतात, त्यात सचिवाचं कर्तृत्व काय? पाडव्यापर्यंत, म्हणजे १९ मार्चपर्यंत, बँक, वेबसाइट, शाळेचा हॉल आणि त्यासाठी लागणारा विमा ही चारही कामं प्रत्येकी दोघांना करता आली पाहिजेत. नुसती माहीत असून चालणार नाही, दुसऱ्याने एकदा स्वतः केलेली असली पाहिजेत. १५ मेच्या आत आयआरएसचा फॉर्म नव्या खजिनदाराने भरायचा, मी फक्त शेजारी बसणार.

मोठं उद्दिष्ट गणपतीचं आहे. यंदा चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी. त्यामुळे आमचा उत्सव १९ तारखेच्या शनिवारी. त्याची सूत्रं पूर्वी कधीच न सांभाळलेल्या माणसाकडे द्यायची, आणि एका संपूर्ण कार्यक्रमाचं बजेट, पाचशे डॉलर का होईना, हायस्कूलच्या मुलांच्या हातात ठेवायचं. ही मुलं सेवेचे तास भरण्यापुरती येतात आणि कॉलेजला गेली की दिसत नाहीत, अशी तक्रार आपण सगळेच करतो. पण आपण त्यांच्याकडून पाण्याच्या बाटल्या वाटून घेण्यापलीकडे कधी काही करून घेतलं का?

यावर आमचे एक ज्येष्ठ काका, ज्यांनी वीसेक वर्षं हा उत्सव उभा केलाय, म्हणाले, “अरे, नवीन माणूस गोंधळ घालेल. लोक कुणाला बोलतील? मलाच ना?” त्यांचं चूक नाही. तीन-चारशे लोकांचं जेवण वेळेवर आलं नाही तर काय होतं, ते त्यांनी पाहिलंय. मी म्हटलं, काका, तुम्ही व्हा बाजूला असं कोण म्हणतंय? तुमच्या डोक्यातला केटरर, पार्किंग, आरतीचा क्रम एकदा बोलून दाखवा, नवीन माणूस लिहून घेईल. त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “केटररला आगाऊ रक्कम किती द्यायची, ते लिहून ठेव हं आधी.”

ऑफिसच्या फॉर्मवरही मी तसंच लिहिलंय. दर पंधरवड्याचं रिलीज आज मी एकटा करतो. जूनपासून टीममधली आणखी दोघं करतील आणि त्या दिवशी मी रजेवर असेन. मॅनेजरने ‘रजेवर’ या शब्दाखाली रेघ मारून प्रश्नचिन्ह काढलंय. पुढच्या आठवड्यात बोलणं आहे.

हॉलचं बुकिंग फेब्रुवारीत उघडतं. काकांच्या शेजारी बसून ते कोण करणार, ते रविवारच्या बैठकीत ठरेल. आत्तापर्यंत दोन नावं आलीत, त्यातलं एक अकरावीतल्या मुलीचं आहे.