पिवळे डोळे आणि जपानी डॉक्टरांचा शोध



या पानावर आम्ही एरवी लागण, खोडवा आणि खतांच्या मात्रा यांविषयी लिहितो. या खेपेस विषय पोटातला आहे. ऊस विकास खात्याने डॉक्टरकीत का शिरावे, असे कोणी म्हणेल. पण गटांतून फिरताना साठीच्या पुढचे, डोळे पिवळे झालेले सभासद आम्हांस भेटतात आणि ‘माळ घातलीया, उतरंल’ म्हणून सांगतात. त्यांच्यासाठी हे लिहीत आहोत.

स्वादुपिंड ही जठराच्या मागे आडवी पडलेली ग्रंथी. अन्न पचविणारा रस आणि रक्तातील साखर आवरणारे इन्सुलिन, दोन्ही तिथेच तयार होतात. यकृताकडून येणारी पित्तनळी या ग्रंथीच्या डोक्यातून जाते. डोके सुजले की नळी दबते, पाटात दगड अडकावा तसे पित्त तुंबते आणि माणूस पिवळा पडतो. लघवी गडद, शौच पांढुरके, अंगाला खाज. पोटात मात्र फारसे दुखत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो.

तपासणीत तिथे गाठ दिसली की डॉक्टरांचा पहिला संशय कॅन्सरचा, आणि पुष्कळदा तो खरा ठरतो. मग स्वादुपिंडाचे डोके, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, पित्ताशय असे सगळे काढण्याचे अवघड ऑपरेशन. पण काही रोग्यांच्या काढलेल्या भागात कॅन्सर निघालाच नाही! नुसती सूज आणि तंतू माजून घट्ट झालेला मांसाचा गोळा.

अशा सुजेची नोंद फ्रान्सचे डॉ. सार्ल्स यांनी १९६१ सालीच केली होती. शरीराची राखण करणारी फौज स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते, ही कल्पना १९९५ साली जपानच्या योशिदा व सहकाऱ्यांनी नीट मांडली. तरी ऑपरेशनआधी ओळखायचे कसे, हा प्रश्न होताच. त्याचे उत्तर मात्सुमोतो येथील शिन्शू विद्यापीठातून आले. तेथील डॉ. हामानो व सहकाऱ्यांनी २००१ साली दाखवून दिले की, या रोग्यांच्या रक्तात ‘आयजीजी-४’ नावाचे प्रतिद्रव्य फार वाढलेले असते. निरोगी माणसांत मधला आकडा १०० मिलिलिटरला ५१ मिलिग्रॅम, तर या रोग्यांत ६६३!

त्यापुढचे पाऊल टोकियोच्या कोमागोमे रुग्णालयातील डॉ. तेरुमी कामिसावा यांचे. ते एका ग्रंथीवर थांबले नाहीत. अशा रोग्यांची पित्तनळी, लाळग्रंथी, लसिकाग्रंथी, इतकेच काय जठराचे अस्तरही त्यांनी तपासले. सगळीकडे तेच प्रतिद्रव्य बनविणाऱ्या पेशी दाटलेल्या! हा एकट्या स्वादुपिंडाचा रोग नसून अंगभर पसरणारा एकच रोग आहे, असे त्यांनी २००३ साली मांडले. आमच्या मते खरी नजर ती हीच. कानाखालची सूज एका डॉक्टरकडे आणि कावीळ दुसऱ्याकडे असे होत होते, त्यांचे मूळ एक निघाले.

चुनखडीच्या रानात ऊस पिवळा पडला म्हणून आपण नांगर घालतो का? हिराकस फवारतो. इथेही तसेच आहे. हा रोग ठरला तर स्टिरॉइडच्या गोळ्यांनी काही आठवड्यांत सूज ओसरू लागते, बहुतेकांचे ऑपरेशन टळते.

पण एका उसाचा ब्रिक्स पाहून फडाला तोड देत नाहीत. काही कॅन्सररोग्यांतही आयजीजी-४ वाढते. म्हणून स्कॅन, रक्त आणि दुर्बिणीतून काढलेला तुकडा, सगळे जुळवून डॉक्टर ठरवितात. कॅन्सर नाही याची खात्री होण्याआधी गोळ्या सुरू केल्या तर मोलाचे दिवस वाया जातात. दुकानातून परस्पर स्टिरॉइड आणणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. या गोळ्यांनी साखर वाढते, आणि औषध थांबविल्यावर रोग पुन्हा उलटू शकतो. तेव्हा ती कमी करायची तीही डॉक्टरांच्याच सांगण्याने.

हा रोग तसा विरळाच, आणि साठीच्या आसपासच्या पुरुषांत अधिक. पिवळेपणाची इतर कारणेच जास्त आहेत. पण उतारवयात, दुखल्याशिवाय डोळे पिवळे झाले आणि खाज सुटली, तर माळ गळ्यात राहू द्या हवी तर, पण त्याच आठवड्यात पोटाची सोनोग्राफी करून घ्या.